पेलेट आत आहे ना?

पत्र :

'ताई, मी १७ वर्षांची आहे. १० मीटर एअर रायफल मारते. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत माझे दोन शॉट पेलेटशिवाय, म्हणजे छर्रा न घालताच, गेले. पहिल्याच्या वेळी मला कळलंच नाही. मॉनिटरवर काही उमटेना म्हणून मी हात वर केला. आरओंनी (रेंज ऑफिसर) पुढचा शॉट मारायला लावला, तो नीट उमटला. म्हणजे टार्गेट ठीक, रिकामी मीच! पुढच्या दहा शॉटच्या सिरीजमध्ये परत तेच. एरवी साठ शॉटना माझे ६१८ च्या आसपास गुण होतात, त्या दिवशी ५९७.३ झाले. सर म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं?" तेव्हापासून मी प्रत्येक शॉटला पेलेट भरायची लिव्हर दोन-तीनदा उघडून बघते. परवाच्या ट्रायलला चार मिनिटं उरली तेव्हा माझे नऊ शॉट बाकी होते. क्लबमधली पोरं मला "हवाबाज" म्हणतात. पेलेट आत आहे याची खात्री कशी करायची? पुढच्या वर्षी पॉइंट टू-टू (काडतुसाची रायफल) सुरू करणार आहे, तिथेही असंच होणार का? आई म्हणते हिला बघण्याचं वेड लागलंय, डॉक्टरांना दाखवू या. – दोन शून्यवाली, सांगली जिल्हा'

अगं दोन शून्यवाली,

'हवाबाज' हे नाव वाईट नाही. माझ्या वेळी पोरांना एवढंही सुचलं नव्हतं. माझ्या नावावर एकच शून्य आहे, पण ते आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं, शेवटच्या सिरीजमधलं. शॉट मस्त गेला होता. होल्ड स्थिर, ट्रिगर लोण्यासारखा, फॉलो थ्रू असा की फोटो काढावा. पडद्यावर काहीच नाही. संध्याकाळी जॅकेट काढताना उजव्या बाहीच्या घडीतून एक पेलेट टपकन फरशीवर पडला. त्या आवाजाने मला जितकं शिकवलं तितकं कुणी शिकवलं नाही, म्हणून हे पत्र मी बाजूला न ठेवता लगेच उत्तराला घेतलं.

तुझ्या सरांचा प्रश्न मात्र चुकीचा आहे, हे त्यांना कळवायला माझी हरकत नाही. लक्ष होतंच. ते श्वासावर होतं, काळ्या वर्तुळावर होतं, मागच्या ९.८ वर होतं. ६० शॉटना ७५ मिनिटं, म्हणजे शॉटला ७५ सेकंद. त्यातले लोडिंगचे तीन-चार सेकंद सोडले तर बाकी सगळं लक्ष जिथे असायला हवं तिथेच होतं. गोम त्या तीन-चार सेकंदांत आहे. तू एकसारखी कृती साठ वेळा करतेस. लिव्हर उघड, पेलेट उचल, ठेव, लिव्हर बंद. तेविसाव्या वेळची आठवण बाविसाव्यापेक्षा वेगळी कशी असणार? 'मी पेलेट घातला' असं तुला आठवतं आणि ते खरंही असतं, फक्त ती आठवण मागच्या शॉटची असते. आमटीत मीठ घातलं की नाही, याचा घोळ रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईचाच होतो. वर्षातून एकदा करणाऱ्याचा होत नाही.

आता तुझा उपाय. लिव्हर परत उघडून बघणं. हा उपाय एअर रायफलमध्ये नुसता वेळखाऊ नाही, तो फसवा आहे. आजकालच्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफलींमध्ये लिव्हर बंद होताना आतला दांडा पेलेटला पुढे ढकलून बॅरलच्या तोंडात बसवतो. लिव्हर पुन्हा उघडलीस की दांडा मागे येतो, पेलेट येत नाही. तो बॅरलमध्येच राहतो. वरून बघितलं तर पेलेट ठेवायची पन्हाळी रिकामी दिसते. म्हणजे रायफल भरलेली असो की नसो, तुला दिसतं ते जवळपास एकच. हे तुला कुणी सांगितलं नसेल तर रेंजवर एकदा आरओंना विचारून, बॅरल टार्गेटकडे ठेवून, मुद्दाम करून बघ. पेलेट घाल, बंद कर, उघड आणि आत डोकाव. मग तो पेलेट टार्गेटमध्ये मारून टाक.

याच फसवणुकीतून दुसरी चूक जन्माला येते. रिकामं दिसलं म्हणून पोरं आणखी एक पेलेट घालतात. दोन पेलेट एकापाठोपाठ बॅरलमध्ये. तुझ्या हातून हे अजून झालं नाही हे नशीब, पण शॉटला तीनदा लिव्हर उघडत राहिलीस तर होईल. दोन गेलेत असं शॉटआधी लक्षात आलं तर मारू नकोस. ज्या हातात रायफल नाही तो हात वर कर, आरओला बोलाव, त्याच्या देखत रायफल खाली कर. त्याला दंड नाही. वेळ तेवढा तुझा जातो. मात्र मॅच सुरू झाल्यावर पेलेटशिवाय हवा सोडलीस तर तो शॉट मिस, म्हणजे शून्य. तुझ्या ६१८ चे ५९७ झाले ते यामुळेच. एकेक शून्य सव्वादहाहून जास्त गुणांना पडलं.

आणखी एक गोष्ट, जी मला तुझ्या वयात कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. २००३ साली मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंड्ट या नेदरलँड्समधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी. लोकांनी ती चालू करायची, बंद करायची आणि बंद झाली का ते पुन:पुन्हा तपासायचं. खूप वेळा तपासल्यावर लोकांची आठवण चुकीची झाली नाही. शेवटच्या वेळी काय तपासलं ते त्यांना बरोबर सांगता येत होतं. पण त्या आठवणीवरचा विश्वास उडाला होता, चित्र धूसर झालं होतं. म्हणजे शंका आली म्हणून बघायचं आणि बघितल्याने शंका वाढायची. लिव्हर तिसऱ्यांदा उघडताना तुला पहिल्यापेक्षा जास्त खात्री वाटते का? प्रामाणिकपणे सांग. नाही ना?

मग खात्री करायची कुठे? लिव्हर बंद होण्याआधी, अंगठ्याने. आणि तिचा पुरावा ठेवायचा रायफलच्या बाहेर.

अंगठ्याचं आधी. पेलेट जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा आणि साडेचार मिलिमीटरचा. तो चिमटीत आहे की नाही हे थंडीत बधिर झालेल्या बोटांना कळत नाही, म्हणून चिमटीवर विश्वास ठेवायचा नाही. पन्हाळीत ठेवलास की अंगठ्याच्या टोकाने त्याच्या मागच्या घेराला हलकेच पुढे रेट. तो गोल काठ त्वचेला लागला पाहिजे. लागला की एक शब्द म्हण. ओठांतल्या ओठांत, पण म्हण. जपानमधले रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात, आपल्याकडेही लोको पायलट आणि सहायक सिग्नल एकमेकांना म्हणून दाखवतात, ते काही करमणूक म्हणून नाही. डोळा सवयीने पुढे सरकतो, तोंडाला मात्र थांबावं लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीचा शब्द होता 'बसला'. दुसरा एक जण शॉटचा आकडाच म्हणायचा, 'तेवीस', आणि मला ते जास्त पटतं, कारण तेवीस हा शब्द बाविसाव्या शॉटची आठवण होऊच शकत नाही. मग लिव्हर बंद कर. पेलेट बॅरलच्या आट्यांत शिरताना अगदी पुसटसा अडथळा लागतो. रिकामी लिव्हर गुळगुळीत जाते. हा फरक रेंजवर डोळे मिटून पन्नास वेळा अनुभव. पण मॅचमध्ये त्यावर विसंबू नकोस, तो वरकड साक्षीदार आहे.

कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा 'जाँच शस्त्र' म्हटलं की आम्ही बोल्ट मागे ओढून छाती काढून उभ्या राहायचो आणि हवालदारसाहेब एकेकीच्या रायफलीजवळ येऊन करंगळीचं टोक ब्रीचला, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडाला, लावून बघायचे. उन्हात डोळे दिपतात, सावलीत काळोख दिसतो, पण करंगळी खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते रिकामी आहे का बघत होते, तुला भरली आहे का बघायचंय. बोट दोन्हीकडे तेच.

आता तुझं शून्य नेमकं कुठे शिरलं ते शोध. माझा अंदाज, दोन जागा. पहिली, लिव्हर उघडी आणि तू दुसरंच काहीतरी केलंस. पाणी प्यायलीस, साइटचा क्लिक फिरवला, मॉनिटरकडे बघून मागच्या शॉटवर चडफडलीस, शेजारच्या लेनचा आवाज आला. परत आलीस तेव्हा हाताला वाटलं, पेलेटचं काम झालं. म्हणून उघड्या लिव्हरला दुसरं काम नाही. व्यत्यय आलाच तर मधून सुरू करायचं नाही, हात पुन्हा पेलेटच्या डबीपासून निघाला पाहिजे. आणि होल्ड जमला नाही म्हणून रायफल खाली घेतलीस तर बॅरल टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर आणि लिव्हरला हात लावायचा नाही. पेलेट आतच आहे. लिव्हर उघडण्याची कारणं दोनच : शॉट गेला, किंवा आरओने सांगितलं.

दुसरी जागा घरी आहे. तू रोज घरी ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगरचा सराव, करत असशील, करायलाच हवं. पण प्रत्येक ड्रायला तू लिव्हर पूर्ण उघडून पूर्ण बंद करतेस आणि मध्ये पेलेट घालत नाहीस, असं असेल तर बघ काय होतंय. दिवसाला शंभर वेळा तू हाताला रिकामं लोडिंग शिकवतेस! मग मॅचमध्ये ते दोनदा बाहेर पडलं यात नवल काय? तुझ्या रायफलला ड्राय-फायरचा खटका असेल तर तो वापर आणि लिव्हरची पूर्ण फेरी फक्त पेलेटसाठी राखून ठेव. दोन कामांच्या हालचाली दिसायलाही वेगळ्या हव्यात.

हे सगळं क्षुल्लक वाटत असेल तर मॅट एमन्सचं ऐक. २००४, अथेन्स ऑलिंपिक, ५० मीटर थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) फायनल. हा अमेरिकन नेमबाज त्याच आठवड्यात प्रोनचं (झोपून नेमबाजीचं) सुवर्ण जिंकून आलेला. शेवटचा शॉट बाकी आणि आघाडी अशी, की साधा आठ पुरला असता. त्याची सवय होती की आधी टार्गेटवरचा लेनचा आकडा साइटमधून पाहायचा आणि मग खाली काळ्या वर्तुळावर यायचं. त्या एका शॉटला तो मन शांत करण्यात गुंतला आणि थेट वर्तुळावर आला. वर्तुळ शेजारच्या लेनचं होतं. शून्य. सुवर्णावरून आठवा. चीनच्या जिया झानबोला सुवर्ण मिळालं. एमन्सचा नेम चुकला नव्हता, लक्षही उडालं नव्हतं. एक पायरी गळली, तीही मन स्थिर करण्याच्या नादात. (त्या संध्याकाळी त्याचं सांत्वन करायला चेक नेमबाज कातरिना कुर्कोवा आली आणि पुढे दोघांनी लग्न केलं. पण शून्यामागे नेहमीच असं काही मिळतं असं नाही, मला तर बाहीतला पेलेटच मिळाला.)

पॉइंट टू-टूबद्दल विचारलंस. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं कांस्य. तेव्हा तुझ्या बाजूला विचारायला माणसं कमी नाहीत. तिथे यंत्र उलटं वागतं हे आधी समजून घे. बोल्ट बंद केला की एक्स्ट्रॅक्टर काडतुसाच्या कडेला पकडतो आणि बोल्ट मागे ओढलास की काडतूस बाहेर येतं. म्हणजे तिथे उघडून बघितलं तर उत्तर मिळतं, पण भरलेली रायफल खालीही होते. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबलास तर नुसता 'टक' होतो. गोळीच सुटली नाही, त्यामुळे तो शॉट धरत नाहीत, शून्य नाही. जीव वाचला म्हणून हसू नकोस, कारण खरी भीती इथे सुरू होते.

'टक' झालं की तुझं मन लगेच म्हणेल, 'विसरले वाटतं भरायला', आणि हात बोल्टकडे जाईल. जाऊ द्यायचा नाही. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेटणारं मिश्रण कडेच्या आत पसरलेलं असतं. ते कुठे कमी पडलं तर काडतूस पेटत नाही आणि क्वचित उशिरा पेटतं. बोल्ट उघडताना ते पेटलं तर पितळ तुझ्या तोंडाशी फुटेल. बॅरल टार्गेटकडेच, तोंड ब्रीचपासून दूर, आणि सावकाश तीसपर्यंत मोज. मग बोल्ट उघड. चेंबर रिकामं निघालं तर विसरलीस. काडतूस निघालं आणि कडेवर खाच पडली आहे, तर काडतूस फुसकं. खाच नाही, तर फायरिंग पिनकडे बघायला हवं, आर्मररकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) जा. आणि कधी 'ठो' ऐवजी 'फुस्स' झालं, टार्गेटवर काही नाही, तर दुसरी गोळी अजिबात मारू नकोस. पहिली बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. आरओला हाक मार. इथे वेळ वाचवणाऱ्यांची बॅरल फुगलेली मी पाहिली आहे.

तूच विचारशील म्हणून आधीच सांगते. रायफल नेहमी भरलेली आहे असं समजून हाताळायची, हे आपण पहिल्या दिवशी शिकतो, मग ती रिकामी असेल ही शंका कशी चालेल? चालते. वेळ वेगळी आहे. रायफल हातात घेताना, कुणाला देताना, पेटीत ठेवताना ती भरलेली समज. भडक रंगाची सेफ्टी दोरी ब्रीचमधून घालून मझलमधून (पुढच्या तोंडातून) बाहेर आलेली दिसली, की मगच रिकामी मान. फायरिंग पॉइंटवर, स्टार्ट मिळाल्यावर, नेम धरण्याआधी ती रिकामी समज, अंगठा हो म्हणेपर्यंत. रिकामेपणा सिद्ध करायला दोरी आहे. भरलेपणासाठी अशी दोरी कुणी बनवलेली नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

आईंना सांग, रेंजपुरतं असेल तर डॉक्टरची घाई नको. दोन शून्यं पडल्यावर कुणीही लिव्हर उघडून बघेल. पण घरी गॅस, कुलूप, दप्तर हेही पुन:पुन्हा तपासलं जात असेल, त्यात तास-तास जात असतील, तपासलं नाही तर जीव घाबरा होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जरूर जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्याला उपचार आहेत. हे तू स्वतः ठरव, आईच्या आणि माझ्या आधी.

आता पुरावा. गावातल्या सुताराकडून सागाचा एक लहान ठोकळा घे. त्यात पेलेट सहज उभा राहील एवढ्या रुंदीची, अर्ध्या बोटाहून कमी खोलीची साठ भोकं पाडून घे. दहा-दहाच्या सहा ओळी. (बाजारात तयार ट्रेही मिळतात, पण सुताराचा ठोकळा टेबलावरून सरकत नाही.) मॅचआधी साठ पेलेट मोजून भर, घेर वर करून, म्हणजे वाकडा झालेला तेव्हाच कळतो. रोज डावीकडून उजवीकडे, एका ओळीत मधलं भोक सोडायचं नाही. मॉनिटरवर बावीस शॉट दिसत असतील आणि ठोकळ्यात तेवीस भोकं रिकामी असतील, तर तेविसावा पेलेट रायफलमध्ये आहे. बावीसच रिकामी असतील तर तू भरलेलीच नाहीस. शंका आली की लिव्हरकडे बघायचं नाही, ठोकळ्याकडे बघायचं. दोन सेकंद लागतात. आता म्हणशील, तेवीस भोकं रिकामी आणि तेविसावा पेलेट माझ्या बाहीत असला तर? असू शकतो, बाईला अनुभव आहे. म्हणून अंगठा आणि ठोकळा दोन्ही हवेत, आणि पेलेट हातातून निसटल्यासारखा वाटला तर तो सापडेपर्यंत लिव्हर बंद करायची नाही.

ट्रायलमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत तुझा हात तरीही लिव्हरकडे जाईल. जाऊ दे, मोज. दिवसाला किती वेळा गेला ते वहीत लिही, थांबवायला जोर लावू नकोस. आकडा खाली येतोय की नाही ते मला महिन्याने कळव. आणि साइटरचे (मॅचआधीच्या सरावाच्या शॉटचे) पेलेट त्या ठोकळ्यात भरू नकोस, त्यांची डबी वेगळी ठेव, नाहीतर सगळी मोजणी पहिल्या पंधरा मिनिटांतच बिघडेल.